पाटाचा वळसा

तांबडवाडीत कोंडीबाला दोन नावं होती आणि दोन्हींना तो ओ द्यायचा. बाप्तिस्मा झाला तेव्हा मिशनच्या गोऱ्या साहेबानं मोठ्या हौसेनं त्याचं नाव शांतवन, म्हणजे सांत्वन, असं ठेवलं. पण गावानं ते काही उचललं नाही. पाटलापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना तो कोंडीबाच राहिला. रविवारी ख्रिस्ती लोकांच्या देवळात पाळकसाहेब प्रार्थनेला उभं करत तेवढ्यापुरता तो शांतवन व्हायचा, आणि प्रार्थना आटोपून दाराबाहेर पायताण शोधायला लागला की पुन्हा कोंडीबा. खरं सांगायचं तर गावच शहाणं. दुसऱ्याचं सांत्वन करण्यापेक्षा दुसऱ्याची चूक दाखवण्यात या गड्याचा हातखंडा होता, आणि ती तोंडावर दाखवायची त्याला भारी खोड.

ताल रचणं हा त्याचा धंदा. कोरेगावच्या त्या अंगाची जमीन उताराची. पावसानं माती ओढ्याला जाऊ नये म्हणून शेताच्या खालच्या बाजूला दगडांचा आडवा बांध घालतात, तो ताल. कोंडीबाचा ताल हलत नाही अशी त्याची ख्याती होती. बाहेरून देखणे दगड लावायचे आणि आत भरताड कोंबायचं, असलं काम त्याला जमत नसे. एखादा मालक घाईला येऊन म्हणायचा, आतलं कुणाला दिसतंय? कोंडीबा हातातला दगड फिरवून बघत म्हणायचा, "पावसाला दिसतंय." मालक गप्प बसायचा. बसला नाही तर कोंडीबा पहार खांद्यावर टाकून घरी जायचा, आणि मग मालकाला त्याच्या दारात यावं लागायचं.

त्याच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या गावची येसकरकी होती. महारवाड्यातल्या येसकरानं वेस राखायची, निरोप पोचवायचे आणि हद्दीचा तंटा पडला की साक्ष द्यायची. कोंडीबाचा आजा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन, बेलभंडारा उचलून हद्द चालून दाखवायचा. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर वंश बुडतो अशी समजूत, त्यामुळे मोठमोठे वतनदारही त्याच्या मागून मुकाट चालायचे. ख्रिस्ती झाल्यावर कोंडीबानं ढेकूळ सोडलं, बेलभंडारा सोडला, आणि वाकून जोहार करणंही सोडलं. जोहाराच्या जागी ताठ उभं राहून 'सलाम' म्हणायला लागला. पहिली काही वर्षं गावाला ते लागलं. नंतर सवय झाली. हा माणूस वाकत नसला तरी खोटंही बोलत नाही, एवढं गावाच्या ध्यानात आलं होतं.

त्याला या वाटेला लावलं ते त्याच्या बायकोनं. सगुणा मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली, आधी तिनं विश्वास धरला, मग नवऱ्याला हाताला धरून नेलं. ती कोरेगावच्या बाजारात अंडी विकायची. गिऱ्हाईक टोपलीला हात घालायच्या आधीच ही सांगायची, की ही ह्या बाजूची कालची, ती तिकडची चार दिवसांची. मग चार दिवसांची कोण घेणार? ती परत घरी यायची आणि नवरा-बायको खायची. कोंडीबा चारचौघांत म्हणायचा, ह्या बाईच्या खरेपणापायी मी ताजं अंडं कसलं असतं ते विसरलो. सगुणा तोंडाला पदर लावून हसायची. मूलबाळ काही झालं नाही, पण त्या घरात हसणं होतं.

अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आली, तीत सगुणा गेली. घरोघरी माणसं पडली होती. खांदा द्यायला कोणी नव्हतं तिथे खड्डा खणायला कोण येणार? मिशनचं कबरस्थान देवळामागच्या माळावर, आणि तो माळ म्हणजे नुसता मुरूम. कोंडीबाला स्वतःलाच ताप होता. दुपारपासून पहार मारत होता, पण गुडघाभरही खड्डा झाला नव्हता. माळाला लागून ओढ्याच्या अंगाला मऊ काळ्या मातीची एक पट्टी होती. ती गावातले बडे जमीनदार मानसिंगराव यांची. मानसिंगराव घोड्यावरून चालले होते. त्यांनी चादरीत गुंडाळलेलं मढं बघितलं, भेलकांडणारा कोंडीबा बघितला आणि घोडा थांबवून म्हणाले, "मढं घिऊन कुठवर बसतोस रं? आजच्या दिस पूर माझ्या रानात." आणि घोडा पुढं काढला. ते ऐकायला कोंडीबाशिवाय कोणी नव्हतं.

कोंडीबानं सगुणाला त्या मऊ मातीत ठेवलं. पुढं उशाला एक दगड घडवून बसवला, त्यावर क्रूस कोरला, दर नाताळाला चुना दिला. पण त्यानंतर मंडळीतलं दुसरं कुणी गेलं आणि लोक कुदळी घेऊन त्या पट्टीकडे वळले, की हा आडवा उभा राहायचा. मालकानं एका दिवसापुरतं म्हटलं होतं, तो दिवस संपला, हे मनात धरून 'हितं न्हाई' एवढंच सांगायचा आणि सगळ्यांना मुरमात खणायला लावायचा. एका देवळात जमणाऱ्या आपल्या समाजाला ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतात, आणि ती मंडळी हे कधी विसरली नाही. स्वतःची बायको लोण्यासारख्या मातीत आणि आमच्या आयाबाया दगडात, असं बायका पाठीमागं बोलायच्या, कधी तोंडावरही बोलायच्या. एरवी प्रत्येकाला उत्तर असलेला कोंडीबा याच एका गोष्टीवर गप्प राहायचा. ते त्याला लागायचं.

वर्षं गेली. हद्दीचा दगड एका पुरात वाहून गेला. ज्यांनी तो बघितला होता ती माणसं मेली, काही पुण्या-मुंबईला गेली. नव्या पिढीला एवढंच दिसत होतं की पट्टीत ख्रिस्ती थडगं आहे. मग पट्टीही आपलीच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. पंचेचाळीस साली लढाई संपत आली होती, तेव्हा अमृतराव नावाचे तरुण पाळक तांबडवाडीला आले. माणूस उमदा, गळा गोड, कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी कबरस्थानाला कुंपणाची भिंत घालायचं काढलं आणि पट्टीसकट पाया आखला.

त्याच महिन्यात मानसिंगरावांचा मुलगा लालासाहेब फौजेतून जमादार होऊन परत आला. त्यानं विहिरीवर इंजिन बसवलं, ऊस लावायचं ठरवलं आणि विहिरीचं पाणी ओढ्याकडच्या तुकड्याला न्यायला पाट आखला. पाट बरोबर त्या पट्टीतून जात होता. इकडून भिंतीचा पाया, तिकडून पाटाची दोरी. दोन्हीकडची माणसं एकमेकांसमोर उभी राहिली आणि आवाज चढले. सरकारी मोजणी मागवायची तर लढाईच्या गडबडीत मोजणीदार कधी उगवेल याचा नेम नव्हता.

तोडगा काढला तो पाळकांनीच. कोंडीबाच्या बापानं हद्दीचा दगड बसवला तेव्हा कोंडीबा बरोबर होता, तो सांगेल ती हद्द आम्हाला कबूल, असं त्यांनी भर चावडीत सांगितलं. स्वतःच्या बायकोचं थडगं घालवून बसणारा नवरा जगात नसतो, असा त्यांचा हिशेब. लालासाहेबही लगेच हो म्हणाला. कोंडीबाला यातलं कोणी विचारलंच नव्हतं.

रविवारची उपासना झाल्यावर मंडळीची बैठक बसली, तेव्हा कोंडीबानं उभं राहून सांगून टाकलं की पट्टी मानसिंगरावांची होती, आता लालासाहेबाची आहे.  एकदम सगळे बोलायला लागले. मिशनच्या शाळेचे शमुवेल मास्तर सर्वांत जास्त चिडले. त्यांच्या आईची कबर खणताना पहारीच्या ठिणग्या उडत होत्या आणि मऊ पट्टी शेजारी रिकामी पडली होती, हे ते वीस वर्षं पोटात घेऊन होते. अमृतराव पाळकांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. मानसिंगराव नेमकं काय म्हणाले होते ते त्यांनी कोंडीबाकडून काढून घेतलं, थोडा विचार केला, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"शांतवनबाबा," ते म्हणाले, "मानसिंगरावांनी जागा दिली, एवढंच उद्या म्हणा. मनानं दिलीच होती ना त्यांनी? लालासाहेब वडिलांचा शब्द मोडायचे नाहीत."

कोंडीबा म्हणाला, "त्यांच्या मनात काय व्हतं ते मला कसं कळावं, पाळकसाहेब? माझ्या कानात काय पडलं त्ये मला ठावं हाय."

एका शब्दानं काय बिघडतं, असं मास्तर म्हणाले. मंडळीला मऊ माती मिळेल, सगुणाबाईंच्या थडग्यावरून पाट जाणार नाही, लालासाहेबाला दुसरीकडून वाट काढता येईल, नुकसान कुणाचंच नाही. कोंडीबानं सगळं ऐकून घेतलं, पण उत्तर काही दिलं नाही. एरवी एका वाक्याला चार वाक्यं फेकणारा माणूस पायताण घालून निघून गेला.

उत्तर दिलं नाही, कारण त्याला तो शब्द म्हणावासा वाटत होता. लय वाटत होता. खोटं मंडळीबाहेर कोणाला समजणारच नव्हतं. ऐकणारा तो एकटा, बोलणारे मानसिंगराव केव्हाच गेलेले. एक 'दिली' म्हटलं की सगुणा जिथं होती तिथं राहणार होती, मंडळी पाठ थोपटणार होती आणि पाठीमागं बोलणाऱ्या बायकांची तोंडं कायमची बंद होणार होती. तो पट्टीत जाऊन तिच्या उशाशी बसला. उन्हं उतरेपर्यंत बसला. पाट आला की फावडी येणार, तिच्या छातीवरून माती उपसली जाणार, हे डोळ्यांपुढं आलं आणि त्याला रडू फुटलं. माणसांसमोर तो कधी रडला नव्हता, पण तिथं कुणी माणूस नव्हतं.

आणि मग त्याला ती टोपली आठवली. ही इकडची कालची, ती तिकडची चार दिवसांची. या बाईनं अंड्यासाठी कधी शब्द फिरवला नाही. तिच्या थडग्यासाठी आपण फिरवला, तर पुनरुत्थानाच्या दिवशी ती उठून बसणार आणि पहिलं हेच विचारणार, याबद्दल कोंडीबाला तिळमात्र शंका नव्हती. आणि तिला काय सांगायचं? त्यानं डोळे पुसले, दगडावर चिकटलेलं वाळकं गवत काढलं आणि घरी जाऊन भाकरी खाऊन झोपला.

सोमवारी सकाळी पट्टीच्या कडेला सगळं गाव जमलं. पाटील नाथाजी मध्यभागी उभे होते. पिकलेल्या मिशा, रागीट डोळे, पण माणूस न्यायाचा. त्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे मातीचं ढेकूळ आणि ताटलीत बेलभंडारा तयार ठेवला होता. कोंडीबानं ताटलीकडे बघून मान हलवली. नाथाजी म्हणाले, आणभाक नसेल तर साक्षीला वजन कसलं? तेव्हा मास्तर पुढं झाले. त्यांनी शास्त्राचं पुस्तक आणलं होतं. आमच्या रीतीनं यावर हात ठेवून सांगू द्या, असं ते म्हणाले.

कोंडीबानं त्यालाही नकार दिला. "हात ठिवला तर खरं बोलनार, न्हाई ठिवला तर खोटं, आसं हाय व्हय?" तो म्हणाला. "माझं व्हय म्हंजी व्हय, आन न्हाई म्हंजी न्हाई. पटत आसंल तर चालतो. न्हाई तर ताल अर्धा ऱ्हायलाय माझा, तिकडं जातो."

आता काय करावं? गावात कुजबुज झाली. शेवटी लालासाहेब म्हणाला, चालू द्या त्याला, मग बघू.

ओढ्याकाठच्या जुन्या बाभळीपासून कोंडीबा निघाला. समोर पडक्या विहिरीचा कोपरा. मान वर, नजर कोपऱ्यावर, पाय सरळ. मागून गाव चाललं. वाटेत सगुणाचं थडगं आलं. तिच्या उशाशी तो थबकला, क्षणभरच. मंडळीतल्या बायका श्वास धरून उभ्या राहिल्या. दोन पावलं डावीकडं सरकला असता, तर ती मंडळीच्या हद्दीत आली असती. तो सरकला नाही. तिला डाव्या हाताला, लालासाहेबाच्या रानात ठेवून तो सरळ पुढं गेला आणि विहिरीच्या कोपऱ्याला टेकला.

मागं नाथाजींनी ताटलीवाल्याला हात केला. "ऱ्हाऊ द्या त्ये ढेकूळ," ते म्हणाले. "बायकूला हद्दीभाईर ठिवून चाललाय त्यो. ह्याच्या वरताण आन कसली घ्यायची?"

पण लालासाहेबाचं समाधान झालं नव्हतं. फौजेत राहून आलेला माणूस, गोष्ट मुळाशी नेऊन तपासायची सवय. तो कोंडीबासमोर उभा राहिला आणि विचारता झाला, "रान जर आमचं, तर तुझी बायकू आमच्या रानात कशी आली? आबांनी काय सांगितलं व्हतं का? दिली व्हती का जागा?"

हाच तो प्रश्न. अमृतराव पाळकांनी खाली बघितलं. मास्तरांनी मात्र कोंडीबाच्या तोंडाकडं बघितलं, आणि नजरेनं जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं.

"दिली म्हनले न्हाईत," कोंडीबा म्हणाला. "आजच्या दिस पूर माझ्या रानात, आसं म्हनले. लय मोठं मन व्हतं. पर दिस त्यो एकच."

 लालासाहेब 'बरं' एवढंच म्हणाला आणि आपली माणसं घेऊन गेला. गावाला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. काही झालं नाही. पट्टी गेली, एवढंच झालं.

त्या आठवड्यात कोंडीबाशी मंडळीतलं कुणी धड बोललं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं शमुवेल मास्तर शाळेच्या ओसरीवर मोठ्यानं म्हणाले, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. कोंडीबानं ऐकलं आणि तालावर जाऊन दगड रचले. आपण चुकलो असं त्याला एकदाही वाटलं नाही. दुःख झालं, पण दुःख होणं वेगळं आणि चुकणं वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्या मंडळीची रीत अशी, की भाकर मोडायच्या आधी ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी अढी असेल त्यानं उठून त्याचा हात धरायचा आणि सलाम म्हणायचं. अढी ठेवून प्याल्याला तोंड लावायचं नाही. लढाईमुळं शहरातला पाव मिळेनासा झाला होता, म्हणून ज्वारीची भाकरी ताटात झाकून ठेवली होती. पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं. कुणी उठेना. कोंडीबाच्या शेजारची जागा रिकामीच होती.

मग अमृतराव पाळकच मेजामागून बाहेर आले. तरुण माणूस, कान लाल झाले होते. ते सर्वांसमोर म्हणाले, "मी शांतवनबाबांना एक शब्द वाढवायला सांगितलं होतं. पाळक असून सांगितलं. त्यांनी तो वाढवला नाही. त्यांनी मला क्षमा केल्याशिवाय ही भाकर मोडायचा मला अधिकार नाही." आणि ते चालत येऊन कोंडीबापुढं हात पसरून उभे राहिले.

कोंडीबा उठला. सलाम म्हणाला, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि स्वभावाला औषध नाही म्हणतात तसं पुढं हेही म्हणाला की भिंतीचा पाया उथळ घेतलाय, पावसाळ्यात बसंल, तेवढा नीट करून घ्या. देवळात हसू फुटलं. अमृतराव पाळक हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. मग एकेक जण उठायला लागला. शमुवेल मास्तर सर्वांत शेवटी आले. त्यांनी हात धरला आणि रिकाम्या जागेवर कोंडीबाला खेटून बसले. सगळ्यांनी एकाच भाकरीचे तुकडे खाल्ले, एकाच प्याल्याला तोंड लावलं.

लालासाहेबानं पाट खणायचा दिवस ठरवला. आदल्या दिवशी कोंडीबा पट्टीत गेला आणि उशाचा दगड त्यानं उपटून काढला. गड्यांचा हात थडग्याच्या दगडावर अडखळायला नको, आणि दुसऱ्याच्या रानात आपली खूण कशाला, असा त्याचा विचार. दगड खांद्यावर घालून घरी नेला, भिंतीला टेकवून ठेवला. जमीन हातानं सारखी केली. ते करताना त्यानं सगुणाला काय सांगितलं ते तिला आणि त्यालाच ठाऊक.

सकाळी लालासाहेब गडी घेऊन आला. दोरी धरलेली, राखेची रेघ पाडलेली. रेघ सरळ ओढ्याकडं चालली होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि बाजूला उभ्या असलेल्या कोंडीबाला विचारलं, "हितला दगूड कुठं गेला?"

"घरी न्हेला."

"कुनी सांगितलं न्ह्यायला?"

"रान तुमचं हाय. तुमच्या रानात माझा दगूड कशाला?"

 लालासाहेब आवाज उतरवून म्हणाला, "ती कुठं हाय, ती जागा दाव."

कोंडीबा पुढं झाला. इथं उसं, इथं पायथा, असं त्यानं दाखवलं. लालासाहेबानं गड्याच्या हातातून राखेची पाटी घेतली, पायानं जुनी रेघ पुसली आणि थडग्याला चांगलं हातभर लांब ठेवून वळसा घालत नवी रेघ पाडली.

"पानी काय, वळसा घालून बी जातंय," तो म्हणाला.

आता कुणीही दुसरा असता तर पाया पडला असता, निदान रडला तरी असता. कोंडीबानं रेघेकडं बघितलं आणि त्याच्यातला ताल रचणारा जागा झाला. "ढाळ मोडला तुमी," तो म्हणाला. "वळनाला पानी धडकतंय. हितं पाट फुटनार."

"फुटू दे."

"आन मग?"

"मग बांधायला तू हायस की."

"मी काय जलमभर पुरनार हाय व्हय तुमाला?"

"तू नसशील तवा मी बांधीन," लालासाहेब म्हणाला. "आता जा, आन त्यो दगूड घिऊन ये."

कोंडीबा घराकडं वळला. वाटेत एका बांधाआड थांबून त्यानं मनसोक्त रडून घेतलं आणि मग दगड खांद्यावर घेऊन, काही झालंच नाही अशा तोंडानं परत आला.

पाट वळणावर फुटायचा म्हणजे फुटायचाच. दर पंधरवड्याला कुठून तरी पाझर लागायचा आणि कोंडीबा चिखलात उतरून, लालासाहेबाच्या अकलेचा उद्धार करत तो बुजवायचा. लालासाहेब बांधावर उभा राहून ऐकून घ्यायचा. गावाला त्याची मजा वाटायची. पाझराच्या ओलीनं सगुणाच्या उशाला बारमाही हिरवळ राहिली. पट्टीत मात्र पुढं कुणालाच पुरलं नाही. लालासाहेबानं दोनदा सांगून पाहिलं, तुमची मानसं हितं पुरा म्हणून. कोंडीबा म्हणाला, तुमची पट्टी पाटापुरती हाय, आमची हद्द आमाला पुरती. त्यावर बोलणं संपलं.

एकोणपन्नास साली, वैशाखाच्या भर उन्हात कोंडीबा गेला. आजारी पडला तो आठवड्याभरात आटोपला. मंडळीनं कुदळी-पहारी घेतल्या आणि मुरमात खणायला सुरुवात केली. उन्हानं मुरूम लोखंड झाला होता. पहार मारली की हात झिणझिणायचे आणि खपलीएवढा तुकडा निघायचा. मढं फार वेळ ठेवण्यासारखी हवा नव्हती. माणसं घामानं निथळत होती आणि एकमेकांकडं बघत होती.

तेवढ्यात लालासाहेब आला. त्यानं खड्डा बघितला, डोकीचा पटका काढला आणि पाळकांना म्हणाला, "हितं कशाला खनताय? तिच्या शेजारी ठिवा की त्याला. माझी ना न्हाई."

अमृतराव पाळक पहारीला टेकून उभे राहिले. "ते सांगून गेलेत," ते म्हणाले. "मी सगळ्या मंडळीला मुरमात पाठवलं, तर मला पण मुरमातच ठेवा, हद्दीच्या आत. तिला मी समजावीन, असं म्हणाले."

 लालासाहेब तसाच विहिरीकडं गेला. इंजिनाची धडधड ऐकू आली. ऊस पाण्यासाठी मान टाकून उभा होता, त्या दिवशी पाण्याची पाळी उसाची होती. पाटाला पाणी आलं तसा लालासाहेब फावडं घेऊन वळणापाशी उतरला आणि कोंडीबानं वर्षानुवर्षं जपलेला तो बांध त्यानं स्वतःच्या हातानं फोडला. पाणी सगुणाच्या उशावरून वळलं, हद्द ओलांडली आणि मंडळीच्या माळावर पसरलं. मास्तरांनी, पाळकांनी हातांनी माती ओढून ते खड्ड्याभोवती अडवलं. मुरूम पाणी पीत गेला. दुपार कलली तसा पहारीचा आवाज बदलला, ठणठण जाऊन मऊ झाला, आणि खड्डा उतरायला लागला. उसाच्या सऱ्या त्या दिवशी कोरड्या राहिल्या.

सूर्य बुडायच्या आत कोंडीबाला हद्दीच्या आत ठेवलं. मंडळीनं गाणं म्हटलं, नाथाजी पाटील पटका काढून उभे होते. अमृतराव पाळकांनी शांतवन या नावानं त्याला निरोप दिला. माती लोटून लोक घराकडं वळले तेव्हा लालासाहेब एकटा पाटात उतरला होता. वळणाचा फुटलेला बांध त्यानं बांधायला घेतला. दगड कसा बसवायचा ते त्याला कुठं ठाऊक होतं? आत भरताड राहिलं, बाहेरून दगड लागले. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केल्याबरोबर बांध फुटला. लालासाहेबानं धोतर खोचलं, पाण्यात उतरला आणि सगळे दगड काढून पहिल्यापासून रचायला लागला.